जाळीखालची पाटी

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, सोमवार; इसवी सनाप्रमाणे २ डिसेंबर २०२४. स्थळ: बीदर जिल्ह्यातील हुमनाबाद, पुणे-हैदराबाद रस्त्यालगत लॉऱ्या दुरुस्त करणाऱ्या अंकुशरावांच्या घरातले देवघर. त्या सकाळी देवघरात एका पाटावर, माशा बसू नयेत म्हणून अन्नावर घालतात त्या तारेच्या जाळीखाली, तळहाताएवढी एक पोलादी पाटी ठेवलेली होती. जाळी पाटाला सुतळीने बांधलेली होती. सुतळीच्या गाठीवर कागदाची चिठ्ठी डकवलेली होती आणि चिठ्ठीवर कलबुर्गीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक प्रभुलिंग यांची सही होती. जाळीच्या बाहेर, वीतभर अंतरावर, करडीच्या तेलाचा दिवा जळत होता. त्या पाटीवर पाण्याचा थेंब टाकला असता तो गोळी होऊन पळतो की पसरतो, एवढ्यावरून अंकुशरावांची मुलगी पल्लवी हिने आपल्या संशोधनात लबाडी केली किंवा नाही, हे ठरणार होते.

थेंबासारख्या क्षुल्लक वस्तूवर माणसाची सचोटी टांगून ठेवणे हास्यास्पद आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याने आपले सगळे म्हणणे थेंबावरच मांडले आहे, त्याला दुसरा साक्षीदार आणायचा कोठून? पल्लवीची अडचण नेमकी हीच होती.

ती प्रभुलिंगांच्या हाताखाली संशोधन करीत होती. विषय सांगायला सोपा होता. पोलादाच्या पत्र्यावर लेसर किरणाने केसाहून बारीक चर काढायचे, उभे आणि आडवे, इतके दाट की डोळ्यांना केवळ एक करडा चौकोन दिसावा. आणि अशा नक्षीमुळे पोलादाचा पाण्याशी असलेला व्यवहार बदलतो काय, हे पाहायचे. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण पानाच्या अंगावर न दिसणारे उंचवटे असतात आणि थेंब त्यांच्या टोकांवर अधांतरी उभा राहतो. पोलादाला तसेच उंचवटे दिले तर पोलादही अळूसारखे वागेल, हा तिचा सिद्धान्त. महाविद्यालयाजवळ स्वतःचे लेसर यंत्र नव्हते. म्हणून ती बीदरच्या बाहेर कोळारला किरणकुमारच्या कारखान्यात जात असे. तेथील यंत्र एरवी सुट्या भागांवर क्रमांक उमटवी आणि लग्नसराईत आहेराच्या भांड्यांवर नावे घाली. यंत्राला अर्थात दोन्ही कामे सारखीच.

नवरात्राच्या तोंडावर तिने तेथे पाट्यांचा पहिला संच करून घेतला. थेंब पत्र्याला किती कोनात टेकतो ते मोजण्याचे महाविद्यालयातील उपकरण तेव्हा दुरुस्तीला गेलेले होते. वसतिगृहातल्या खोलीत चौघी राहत. तेथे पाट्या ठेवल्या तर त्यांवर कोणीतरी डबा ठेवणार, हे निश्चित. म्हणून तिने पाट्यांचा स्टीलचा डबा हुमनाबादला आणला, आईला बजावले की यातल्या वस्तूंना कोणीही बोट लावायचे नाही, आणि घरातील सर्वांत स्वच्छ जागा म्हणून तो देवघरात ठेवला. घराच्या अर्ध्या भागात वडिलांचे गॅरेज होते. ग्रीस, धूळ आणि डिझेल यांच्या तावडीतून सुटलेली ती एकच खोली होती. दसऱ्याला ती परत आली, डबा घेऊन गेली, आणि दुरुस्त होऊन आलेल्या उपकरणाखाली पहिला थेंब ठेवला. थेंब मण्यासारखा गोल झाला, क्षणभर थरथरला आणि पाटीच्या कडेवरून घरंगळून खाली पडला. दुसऱ्या पाटीवर तेच झाले, तिसरीवरही तेच.

लेख लिहिला गेला. त्यावर तिचे आणि सरांचे, दोघांचे नाव होते. तो एका मासिकाने स्वीकारलाही. छापण्यास देण्यापूर्वी सरांनी आपल्या नेमाप्रमाणे सांगितले की, माझ्यासमोर एकदा पुन्हा करून दाखव.

पल्लवी कोळारला गेली, नवा संच करून आली, आणि सरांसमोर थेंब टाकला. थेंब गोल झाला नाही. बरे, साध्या पत्र्यावर पसरतो तसा नुसता पसरलाही नाही. नक्षीच्या चौकोनात पडताक्षणी तो नाहीसा झाला. तहानलेल्या माणसाने ओंजळ संपवावी तसे पाटीने पाणी पिऊन टाकले. फसलेला प्रयोग माणसाला समजतो. उलटा झालेला प्रयोग समजत नाही. नक्षी निरुपयोगी असती तर पाटी साध्या पत्र्यासारखी वागली असती. येथे नक्षी काम करीत होती, परंतु नेमके विरुद्ध.

पुन्हा एक संच झाला आणि त्याने तेच केले. मग सरांनी दार लोटून घेतले आणि विचारले की, पहिल्या पाट्या तू घरी नेल्या होत्यास काय. ती हो म्हणाली. तुझ्या वडिलांचे गॅरेज आहे ना, हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्याचा रोख तिला एका क्षणात कळला. लॉरीच्या दर्शनी भागावर लावायचे एक पॉलिश असते; ते लावले की पावसाचे पाणी पत्र्यावर टिकत नाही.

“काय लावलं होतंस ते सांग,” सर म्हणाले. “सांगितलंस तर या खोलीतच मिटेल.”

“काही लावलं नाही, सर.”

“मग पुन्हा करून दाखव. नाही जमलं तर लेख मागे घेताना मला कारण लिहावं लागेल, आणि मला जे वाटतं तेच मी लिहीन.”

प्रभुलिंग दुष्ट होते, असे या संवादावरून समजणे अन्यायाचे होईल. मातृभाषा कन्नड आणि शाळा मराठी, अशा घडणीच्या त्या गृहस्थाला दोन्ही भाषांत एकच गोष्ट शिकवली गेली होती: जे दोनदा होत नाही ते एकदाही झालेले नाही. हे तत्त्व मला स्वतःला संशयास्पद वाटते, कारण त्यानुसार जन्म आणि मृत्यू हे दोन्ही असिद्ध ठरतात. तथापि प्रयोगशाळेचा कारभार त्याच तत्त्वावर चालतो.

ती कोळारला गेली ती या वेळी भांडायलाच. किरणकुमारने यंत्राच्या पडद्यावर जुनी नोंद उघडून दाखविली: तोच वेग, तीच ताकद, चरांमधले तेच अंतर. पत्राही त्याच तावातला. त्याने तिचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मशीनला काय पडलंय खोटं बोलायचं, अक्का? तुम्ही पाणी कोणत्या गावचं वापरायलाव ते बघा आधी.” वस्तुतः पाणीही तिने बदलून पाहिले होते. नळाचे, गाळलेले, प्रयोगशाळेतले. नव्या पाटीने तिन्ही पाणी सारख्याच हावरेपणाने पिऊन टाकले होते.

बसने हुमनाबादला येताना तिच्या पिशवीत जुन्या संचातली एक पाटी आणि नव्या संचातली एक पाटी अशा दोन होत्या. डोळ्यांना दोन्ही एक, बोटांनाही एक. कोणती कोणती हे विसरू नये म्हणून तिने एकीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. उतरताना तो तुकडा पिशवीच्या तळाशी सापडला, आणि बाटलीतले पाणी ओतून पाहीपर्यंत तिला आपली खरी पाटी कोणती व खोटी कोणती हे सांगता येईना. बसस्थानकात उभ्याउभ्या दोन पत्र्यांवर पाणी ओतणाऱ्या त्या मुलीकडे लोक पाहत राहिले.

घरी आल्यावर तिने सर्व हकीकत सांगितली. अंकुशरावांना पाटीचे शास्त्र कळले नाही, परंतु गॅरेजवर घेतलेला आळ पूर्ण कळला. त्यांनी कामगारांना एकेक करून बोलावले आणि पॉलिशचे डबे मोजून पाहिले. पोरीच्या डब्याला हात लावणाऱ्याला गॅरेजात पाय ठेवू देणार नाही, असेही बजावले. कोणीच काही कबूल केले नाही, कारण कोणी काही केलेच नव्हते. तेव्हा ते मुलीकडे वळले आणि म्हणाले, “तुझ्या सरला म्हणावं, आमच्या पॉलिशनं एवढं पाणी पळायलं असतं तर मी लॉऱ्या कामून दुरुस्त करत बसलो असतो?”

पल्लवीची आई राजूबाई या सगळ्या वेळात भाकरी थापीत होती आणि गप्प होती. या गप्पपणाकडे प्रथम कोणाचे लक्ष गेले नाही. जेवताना मात्र तिने, आपण होऊन, तव्याकडे पाहत विचारले की, बोट लावलं न्हाई पण झाकण काढलं, तर ते लावल्यात धरतात का.

मग उलगडले ते असे. खंडेनवमीला त्या घरात हत्यारांची पूजा होते. अंकुशरावांचे पाने आणि जॅक, स्वयंपाकघरातली विळी, पूर्वी पल्लवीची पुस्तकेही. यंदा राजूबाईच्या मनात आले की, आता पोरीचे हत्यार म्हणजे त्या पाट्या. आणि झाकलेल्या हत्याराची पूजा होत नाही. डबा तर आधीच देवघरात, घटाच्या अगदी शेजारी होता. म्हणून तिने घटस्थापनेच्या दिवशीच, पुढे विसरायला नको म्हणून, झाकण काढून ठेवले.

“मग नवमीला परत का नाही लावलंस, माय?” पल्लवीने विचारले. “आणि मधले नऊ दिवस?”

“घट बसल्यावर जवळचं काय हलवत्यात व्हय? उठूस्तोवर तिथंच, उठल्यावर झाकण लावलं. दिवा बी तिथंच, अखंड. कुंकू वाहिलं, ते बी काठाला, मधी न्हाई. तू सांगितलं हुतंस बोट लावू नको म्हणून.”

पल्लवीला आठवले की, दसऱ्यानंतर पहिल्या पाटीच्या कडेला तिला लाल कण दिसले होते. ते गंजाचे समजून तिने फुंकरीने उडवून दिले होते.

ऐकून तिचे समाधान व्हायला हवे होते. झाले उलटेच. दिव्याची काजळी बसली असती तर पाटी काळी पडती. ती पडली नव्हती. तेल उडाले असते तर बोटाला लागते, लागत नव्हते. धुराने पृष्ठभाग मळतो, आणि मळलेल्या वस्तूची नक्षी बुजते, हेच ती आजवर शिकली होती. मळल्यामुळे एखादी वस्तू पानासारखी स्वच्छ वागू लागते, हे तिला पटेना. शिवाय एक प्रश्न वेगळाच होता, आणि तो शास्त्राचा नव्हे, न्यायाचा होता. काही लावले नाही, असे ती सरांना म्हणाली होती. तिने लावले नव्हते. तिच्या आईनेही लावले नव्हते. परंतु दिव्याने काही लावले असेल, तर तिचे विधान खरे की खोटे? हेतू पाहिला तर खरे. पाटी पाहिली तर खोटे. ती रात्रभर या दोन टोकांमध्ये येरझारा घालीत राहिली आणि सकाळी सरांना फोन केला.

सरांनी सगळे ऐकले. मग ते म्हणाले की, ही गोष्ट चांगली आहे, पण गोष्टच आहे. तरी दुसऱ्याच दिवशी ते स्वतः हुमनाबादला आले. आधी पुढे कोळारपर्यंत जाऊन, किरणकुमारकडून, आपल्या डोळ्यांदेखत तीन नव्या पाट्या करून घेऊन आले. पल्लवीला त्यांनी पाट्यांच्या जवळ येऊ दिले नाही. तिन्हींच्या नक्षीच्या एका कोपऱ्यावर थेंब टाकून पाहिला. तिन्हींनी पाणी पिऊन टाकले. त्या त्यांनी पुसून वाळवल्या. एक पाटी त्यांनी नव्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट बसविले. एक कागदात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवली, आपल्या कार्यालयातील कपाटासाठी. तिसरी देवघरात, पाटावर, जाळीखाली.

सुतळीची गाठ आणि तिच्यावरची सहीची चिठ्ठी पाहून अंकुशरावांचा चेहरा उतरला. इतकी वर्षे रस्त्यावर अनोळखी माणसांच्या लॉऱ्या त्यांनी विश्वासावर ठेवून घेतल्या होत्या, आणि आता त्यांच्याच देवघरात कोणी मोहोर लावून जात होते. सर, आमच्या घरात देवाला बी कुलूप लागलं बघा, असे ते म्हणाले. प्रभुलिंग ओशाळले, पण गाठ त्यांनी सैल केली नाही.

“बांधू द्या की,” राजूबाई म्हणाली. “देवीला जाळीतून बी दिसतंय.”

तिची हरकत वेगळ्याच गोष्टीला होती. नवरात्र नसताना अखंड दिवा लावायचा, तर तो कोणाच्या नावाने? प्रयोगाच्या नावाने दिवा लावणे तिला मान्य होईना. शेवटी कार्तिक आहे, कार्तिकात दिवा लावायला निमित्त लागत नाही, अशी तिने स्वतःचीच समजूत घातली, आणि देवदिवाळीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्ष प्रतिपदेपर्यंत, तो विझू दिला नाही. तेल घालताना ती जाळीला पदरही लागू देत नसे. पल्लवी त्या खोलीकडे फिरकली नाही. कलबुर्गीहून फोन करून ती फक्त दिवा आहे का एवढे विचारी, आणि आपण नेमके काय व्हावे अशी इच्छा धरतो आहोत, हे तिला सांगता येत नसे. पाटीने पाणी पळविले तर ती लबाड नव्हती. पण मग तिच्या लेखात लिहिलेले कारण, की हे सारे केवळ नक्षीने होते, ते कोठे राहिले?

असो. त्या सोमवारी सकाळी प्रभुलिंग आले तेव्हा पल्लवीही आदल्या संध्याकाळी घरी आलेली होती. सरांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पाय धुतले, चिठ्ठीवरची सही निरखून पाहिली आणि गाठ सोडली. जाळी उचलली तेव्हा तारांना तेलाचा बारीकसा वास होता. तो त्यांनी वाकून घेतला. अक्का, तेल कोणतं, असे त्यांनी विचारले. करडीचं, घरचंच, असे उत्तर मिळाले. मग त्यांनी पिशवीतून छोटी पिचकारी काढली आणि पाटीवर एक थेंब सोडला.

थेंब गोल झाला. पाटी किंचित कलती केली तेव्हा तो कडेवरून पाटावर उतरला आणि तेथल्या लाकडाने तो शोषून घेतला.

सरांनी बरोबर आणलेली बरणी उघडली आणि तिच्यातल्या पाटीवर थेंब टाकला. तो पसरला, पहिल्या दिवसाइतका अधाशीपणाने नाही, परंतु पसरला. अंकुशरावांनी सुटकेचा श्वास घेतला, कारण त्यांच्या दृष्टीने खटला संपला होता: जेथे दिवा तेथे गोळी, जेथे दिवा नाही तेथे नाही. राजूबाईने देवीला हात जोडले.

एवढ्यावर संपले असते तर सगळ्यांना सोयीचे झाले असते. पण सरांनी पिशवीतून तिसरी पाटी काढली, जी त्यांच्याच कपाटात, कागदात, कुलपात होती. जिला ना दिवा दिसला होता ना देवी. तिच्यावरचा थेंब पसरला नाही. तो अर्धवट फुगून उभा राहिला. पाटी कलती केल्यावर जरा सरकला, आणि मध्येच अडकला.

“हिला कोण दिवा दाखवला?” अंकुशरावांनी विचारले.

प्रभुलिंगांनी पल्लवीला विचारले की, अळूच्या पानावर उंचवट्यांखेरीज आणखी काय असते. उत्तर देण्यापूर्वीच तिचा चेहरा पडला. अळूच्या पानावर मेण असते. शाळेच्या पुस्तकात ते लिहिलेले असते, आणि तिने ते वाचलेले होते. उंचवट्यांनी जी गोष्ट होते ती मेणाखेरीज होत नाही. नुसते उंचवटे असतील तर पाणी चरांत धावते आणि पाटी तहानलेली दिसते. लेसरने ताज्या पोलादाला केवळ तहान दिली होती. मेणाचे काम करणारा न दिसणारा थर बाहेरून आला होता: देवघरात दिव्याच्या तेलाच्या वाफेने लवकर, कपाटातल्या कोंडलेल्या हवेने सावकाश, आणि बरणीत जवळजवळ नाहीच. नव्या पाट्या तिने लगेच तपासल्या म्हणून त्या पाणी पीत होत्या. जुन्या पाट्या आईने नऊ दिवस हलविल्या नाहीत म्हणून त्या पाणी पळवीत होत्या. हवेत असे काय होते जे पोलादावर बसते आणि दिसत नाही, हे मात्र सरांनाही नीट सांगता येईना. ते कपाटातील जुनी पुस्तके, लाकडाचे पॉलिश, कोणाचा तरी डबा असे काहीबाही म्हणाले आणि थांबले.

“म्हंजे देवीनं केलं, का मशीननं केलं?” राजूबाईने विचारले.

पल्लवीच्या मनात तोच प्रश्न निराळ्या शब्दांत घोळत होता: इतके महिने आपण जी वस्तू केली असे समजत होतो, ती आपण केली होती काय? तिने सरांना विचारले की, लबाडीचे काय. तिचा आवाज इतका लहान झाला होता की, अंकुशरावांनी तो सरांपर्यंत पोचावा म्हणून तेच वाक्य पुन्हा म्हटले.

सरांनी तीनही पाट्या पाटावर ओळीने ठेवल्या. सहीची चिठ्ठी त्यांनी फाडून खिशात घातली. मग ते उभे राहिले आणि, जणू वर्गात निकाल वाचावा तसे, अंकुशरावांकडे पाहून म्हणाले:

“अण्णा, तुमच्या मुलीनं काही लावलेलं नाही. मी चुकीचा संशय घेतला. पण तिनं लिहिलेलं कारण खोटं आहे, आणि त्याखाली माझंही नाव आहे. लेख मागे घ्यायचा.”